आकांक्षा, सन्निधी आणि दहा डझन नॅपकिन

“सर, एक लायब्ररी मिळाली आहे, पण तिला व्याकरण लागतं.”

आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा हा फोन आला तेव्हा आम्ही दोघेही उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांआड बसलो होतो. लायब्ररी म्हणजे ग्रंथालय आणि ग्रंथालयाला लागते ते अनुदान, अशी आमची वीस वर्षांची समजूत. व्याकरण मागणारी लायब्ररी ही कल्पनाच इतकी सुखावणारी होती, की पुढचे काहीही न विचारता आम्ही ‘ये संध्याकाळी’ म्हणून मोकळे झालो.

येथे एक खुलासा करायला हवा. ‘आम्ही’ हे प्रस्तुत लेखात संपादकीय बहुवचन नव्हे. आम्ही खरोखरच दोघे आहोत. एकजण भाषाविज्ञान व व्याकरण शिकवतो, दुसरी साहित्यशास्त्र. दोघेही मराठीचे एम.ए., दोघेही चाळिशीतले, आणि वेळापत्रकाच्या कृपेने दोघांचेही तास दुपारच्या जेवणानंतरचे. व्याकरणाच्या तासाला विद्यार्थी झोपतात आणि साहित्यशास्त्राच्या तासाला झोपत नाहीत पण खिडकीबाहेर पाहतात, एवढाच काय तो आमच्या विषयांतला फरक. हा विद्यार्थी दोन्ही तासांना जागा असे. मराठी घेऊन बी.ए. झाल्यावर त्याने संगणकाचा एक अभ्यासक्रम केला आणि सोलापुरातच, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात, कार्यालयात चिकटला.

त्याची अडचण अशी. कारखान्याला व्यापाऱ्यांच्या मागण्या येतात त्या आता पत्राने वा फोनने नव्हे, व्हॉट्सअ‍ॅपवर. त्या वाचून कारखान्याचे दिवाणजी पॅकिंगसाठी चिठ्ठी लिहितात. मालकांना हवे होते असे, की इकडून निरोप आत जावा आणि तिकडून छापील चिठ्ठी बाहेर पडावी. दिवाणजींचे वय झाले होते आणि मालकांच्या बोलण्यात ‘दिवाळीपर्यंत’ हा शब्द वारंवार येऊ लागला होता. हे विद्यार्थ्याने आम्हाला पहिल्याच संध्याकाळी सांगितले. आम्ही ते ऐकले आणि व्याकरणाकडे वळलो. त्या वेळी आम्हाला व्याकरणच महत्त्वाचे वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही.

संगणकाच्या परिभाषेत लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या, कुणालाही वापरता येणाऱ्या आज्ञांचा संच. त्यांतला एक प्रकार असा, की त्याला एखाद्या भाषेचे व्याकरण नियमांच्या रूपाने लिहून द्यावे आणि मग कोणतेही वाक्य त्याच्यापुढे टाकावे. वाक्य नियमांत बसत असेल तर तो त्याचा वृक्ष काढून देतो, बसत नसेल तर कुठे अडले ते सांगतो. शाळेत आपण वाक्यपृथक्करण करीत असू, तेच हे. या कामाला इंग्रजीत पार्सिंग म्हणतात, आणि त्या शब्दाचाही उगम शाळेतल्या व्याकरणाच्या तासातच आहे. लॅटिन शिकवणारे गुरुजी शब्दाचे ‘वाग्भाग’ कोणते असे विचारीत, त्यातून तो आला.

नियम लिहिण्याची जी पद्धत अशा लायब्रऱ्यांना कळते, ती जॉन बॅकस याने १९५९ साली मांडली आणि पीटर नाउर याने १९६० साली अल्गोल या भाषेच्या अहवालात वापरून रूढ केली. १९६७ मध्ये पीटर इंगरमन नावाच्या संगणकतज्ज्ञाने एका नियतकालिकाला छोटेसे पत्र लिहून सुचवले, की या पद्धतीला ‘पाणिनी-बॅकस’ रूप म्हणावे, कारण असे काम पाणिनीने कितीतरी शतके आधी करून ठेवले आहे. ही गोष्ट आपल्याकडे व्यासपीठावरून फार सांगितली जाते, आणि ती सांगून झाली की वक्ते बहुधा खाली बसतात. प्रत्यक्षात पाणिनीची सूत्रे आणि बॅकसचे नियम यांत अंतर पुष्कळ आहे. साधारण चार हजार सूत्रांच्या अष्टाध्यायीत दोन सूत्रे एकाच ठिकाणी लागू पडली तर काय करायचे याचीही सोय आहे. परंपरागत अर्थाने, क्रमाने नंतरचे सूत्र बलवान. (२०२२ साली केंब्रिजमधील ऋषी राजपोपट यांनी आपल्या प्रबंधात ‘पर’ म्हणजे नंतरचे सूत्र नव्हे, तर शब्दाच्या उजव्या बाजूला लागू पडणारे सूत्र, असा अर्थ लावला, त्यावर वाद झडले आणि झडतील.) याउलट, बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन याने १९७०च्या दशकात केलेले ‘याक’ हे या प्रकारातले गाजलेले साधन दोन नियमांच्या भांडणात आधी लिहिलेल्या नियमाची बाजू घेते. आमच्यातील व्याकरणवाल्याला या फरकाने दोन दिवस झोप लागली नाही. साहित्यशास्त्रवालीला लागली.

असो. पहिली ठेच अगदी उंबरठ्यावरच लागली. वृक्ष काढण्याआधी वाक्यातले शब्द सुटे करावे लागतात, आणि ‘शब्द म्हणजे अक्षरांची सलग ओळ’ एवढे सांगायला एक तयार खूण असते. विद्यार्थ्याने ती वापरली. ‘टॉवेल’ हा शब्द आत गेला आणि बाहेर आले ते ‘ट’, ‘व’ आणि ‘ल’. पायथन या भाषेतल्या त्या खुणेच्या लेखी व्यंजन हे अक्षर आहे, पण त्याला जोडलेली मात्रा अक्षर नाही. काना, मात्रा, वेलांटी, उकार या सगळ्यांना ती विरामचिन्हांसारखी शब्दाची कुंपणे समजते. वर्गात आम्ही ‘स्वरचिन्ह’ ही संकल्पना एका तासात उरकतो. यापुढे उरकणार नाही. विद्यार्थ्याने देवनागरीचा पूर्ण पट्टा स्वतः लिहून दिला तेव्हा कुठे टॉवेल अखंड झाला.

दुसरी ठेच अधिक मनोरंजक होती. पत्ते. ‘अण्णांच्या जावयाच्या दुकानाच्या मागच्या गोदामात पाठवा’ अशी वाक्ये निरोपांत असत. आम्ही नियम लिहिला, की संबंधदर्शक पदबंध म्हणजे एक संबंधदर्शक पदबंध, त्याला ‘-च्या’ आणि पुढे नाम. मोरो केशव दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ची (१९११) पाने चाळलेल्या माणसाला याहून स्वाभाविक नियम सुचणार नाही. पण विद्यार्थ्याने आधी घेतलेली लायब्ररी वरून खाली जाणारी होती. तिने विचार असा केला: संबंधदर्शक पदबंध शोधायचा आहे, तर त्याच्या आरंभी काय असेल? संबंधदर्शक पदबंध. मग तो शोधायचा, तर त्याच्या आरंभी काय असेल? पुन्हा तोच. वाक्यातला एकही शब्द न वाचता ती स्वतःलाच विचारत राहिली आणि अखेर स्मरणशक्ती संपून कोसळली. नमनालाच घडाभर तेल म्हणतात ते हेच. संगणकशास्त्रात या दोषाला ‘डावा पुनरावर्ती नियम’ अशा अर्थाचे नाव आहे, आणि बऱ्याच पाठ्यपुस्तकांत तो टाळण्याच्या युक्त्या दिलेल्या असतात. आम्हाला मात्र तो दोष वाटेना. आपली भाषा आहेच तशी. ती मालकाला आधी ठेवते आणि मालमत्तेला मागून आणते. सासरच्या माणसाची ओळख करून देताना आपण कुठून सुरुवात करतो ते आठवून पाहावे. खालून वर जाणाऱ्या ‘याक’सारख्या साधनांना तर असाच नियम सोयीचा जातो. म्हणजे एका पद्धतीचा रोग ती दुसऱ्या पद्धतीची प्रकृती.

म्हणून विद्यार्थ्याने लायब्ररी बदलली. नव्या लायब्ररीचे नाव लार्क. तिच्या पोटात जे अर्ली या संशोधकाची रीत आहे. त्याने ती १९६८च्या प्रबंधात मांडली व १९७० साली प्रसिद्ध केली. ही रीत आम्हा दोघांनाही मनापासून आवडली. ती वाक्य डावीकडून उजवीकडे एकेक शब्द वाचत जाते आणि प्रत्येक शब्दापाशी, आतापर्यंत शक्य असलेल्या सगळ्या रचना जिवंत ठेवते. घाई करून कुठल्याही एका अर्थावर शिक्का मारीत नाही. चांगला समीक्षक कवितेची पहिली ओळ वाचताना जे करतो, किंवा त्याने करावे असे आम्ही वर्गात सांगतो, ते हेच.

आणि ती अडली म्हणजे जे सांगते, त्याने तर साहित्यशास्त्रवाली खुर्चीतून उठलीच. पडद्यावर येते ते असे: येथे अमुक मिळाले, अपेक्षित होते ते अमुक, अमुक किंवा अमुक. ही तर आकांक्षा! ‘तर्कसंग्रह’ ज्यांनी वाचला असेल त्यांना वाक्यार्थाच्या तीन अटी आठवतील: आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. एका पदाला पुरे होण्यासाठी दुसऱ्या पदाची जी ओढ असते ती आकांक्षा. पदे एकमेकांजवळ, विलंबाशिवाय यावीत ही सन्निधी. आणि त्यांच्या अर्थांचा एकमेकांशी मेळ बसावा ही योग्यता. ‘अग्नीने शिंपतो’ या वाक्यात आकांक्षाही आहे, सन्निधीही आहे, पण विस्तवाने शिंपता येत नाही. लायब्ररीला पहिली आणि तिसरी अट उत्तम कळत होती. योग्यतेचे काय, असा प्रश्न आमच्यापैकी एकीने त्या संध्याकाळी विचारला होता, अशी तिची आठवण आहे. दुसऱ्याला ते आठवत नाही.

आकांक्षेवरून एक गंमत सांगायची राहिली. आकांक्षा नसलेल्या पदसमूहाचे परंपरेतले उदाहरण म्हणजे गाय, घोडा, माणूस, हत्ती अशी नुसती नामांची ओळ. ते वाक्य नव्हे. पण व्यापाऱ्याचा निरोप बहुधा तसाच असतो: टॉवेल, नॅपकिन, चादर, बेडशीट. क्रियापद नाही, कर्ता नाही, पूर्णविराम तर नाहीच. तरी तो पाठवणाऱ्याच्या लेखी पूर्ण आहे, आणि मिळणाऱ्याच्याही. शास्त्रकारांनी बाजारात उभे राहून उदाहरण निवडले असते तर वेगळे निवडले असते.

व्याकरण तयार झाले. पावणेदोनशे जुने निरोप त्यातून घालून पाहिले आणि उरलेल्या चुका दुरुस्त केल्या. आम्हाला अभिमान वाटला, हे कबूल करतो. वीस वर्षे शिकवलेल्या विषयातून प्रथमच काहीतरी चालताना दिसत होते.

दुसऱ्या महिन्यात घोटाळा झाला. निरोप होता: ‘पांढरे टॉवेल आणि नॅपकिन दहा डझन’. त्या दिवशी दिवाणजी रजेवर होते. चिठ्ठी छापली गेली ती पांढरे टॉवेल दहा डझन, पांढरे नॅपकिन दहा डझन अशी. माल गेला. नॅपकिन परत आले. जाण्यायेण्याचे भाडे आणि पडून राहिलेला माल मिळून जो आकडा झाला तो कारखान्याच्या दृष्टीने किरकोळ होता, विद्यार्थ्याच्या पगाराच्या दृष्टीने नव्हे. मालकांनी तो तीन हप्त्यांत त्याच्या पगारातून कापायचे ठरवले.

आता वाचकांनी वरचे वाक्य पुन्हा पाहावे. ‘पांढरे’ हे विशेषण फक्त टॉवेलचे की दोन्हींचे? ‘दहा डझन’ प्रत्येकी की मिळून? दोनदा दोन, चार अर्थ. आमच्यातील व्याकरणवाल्याने प्रथम असा पवित्रा घेतला, की मराठीत विशेषण लिंगवचनाने बदलते, तेव्हा संदिग्धता फार उरत नाही. पण टॉवेल आणि नॅपकिन दोन्ही पुल्लिंगी. शिवाय ‘पांढऱ्या चादरी आणि टॉवेल’ म्हटले तरी विशेषण जवळच्या नामाशी जुळवून घेते आणि लांबच्याचे काय ते सांगत नाही. ‘आणि’ वाढले की प्रश्न चक्रवाढ व्याजाने वाढतो. तीन नामांची जोडणी दोन प्रकारे करता येते, चारांची पाच, पाचांची चौदा, सहांची बेचाळीस. गणितात या मालिकेला कॅटलानचे नाव आहे, आणि वाक्यांच्या संदिग्धतेत ती कशी उगवते हे केनेथ चर्च आणि रमेश पाटील यांनी १९८२ सालच्या एका निबंधात दाखवले होते.

मग लायब्ररीने चारांतला एकच अर्थ कसा काढला? सगळ्या रचना शेवटपर्यंत जिवंत ठेवणारी अर्लीची रीत ना ती? रीत तीच, पण लार्कला वेगळे काही सांगितले नाही तर शेवटी ती एकच वृक्ष निवडून हातात देते, बाकीचे गुपचूप टाकून देते. दुसरा पर्याय आहे, सगळे वृक्ष दाखव असे सांगता येते, आणि तो पर्याय माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेला आहे. विद्यार्थ्याने तो वाचला नव्हता. आणि विशेषण एकट्या नामालाही लागते व सबंध समूहालाही लागते, हे दोन्ही नियम शेजारी शेजारी आम्ही लिहून दिले होते. दोन्ही मराठीत बरोबर आहेत म्हणून.

आमच्या साहित्यशास्त्रवालीने काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात अनेकार्थता ही काव्याची श्रीमंती असल्याचे प्रतिपादन केले होते. मम्मटाच्या ग्रंथात श्लेष अलंकारांत आहे, हे तिने तेव्हा सांगितले होते. त्याच ग्रंथात ‘संदिग्ध’ हा दोषांच्या यादीत आहे, हे ओझरते. त्या संध्याकाळी ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आपण मालकांकडे जाऊ.”

अक्कलकोट रस्त्याने एमआयडीसीत शिरले की दिसण्याआधी ऐकू येते. यंत्रमागांचा आवाज शेडच्या पत्र्यांतून रस्त्यावर येतो आणि बोलणे आपोआप मोठ्याने होऊ लागते. आत कामगारांचे एकमेकांशी तेलुगू, बाहेर गाडीवाल्याशी कानडी, आमच्याशी मराठी. एका बाजूला चादरींचे जुने जकार्ड माग होते. डोक्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ, शेवटचा पुठ्ठा संपला की पुन्हा पहिला. जकार्ड या फ्रेंच माणसाने हे १८०४च्या सुमारास साधले, आणि १८४३ साली एडा लव्हलेसने बॅबेजच्या नियोजित यंत्राचे वर्णन करताना याच मागाची उपमा वापरली, हे आम्ही वाचलेले होते. प्रत्यक्ष पाहताना मनात आले ते वेगळेच. या माळेला कशाचीच अपेक्षा नसते. पुढचा पुठ्ठा कोणता हे ठरलेले आहे. चुकीचे नक्षीकाम झाले तर भोक चुकीचे, बस्स. तिथे कुणी ‘प्रत्येकी की मिळून’ असे विचारणार नाही.

मालकांनी आम्हाला बसवले, चहा मागवला. नियम आमचा होता, नुकसान आम्ही भरतो, असे आम्ही सांगितले. ते हसले. “सर, मास्तर लोकांकडून पैसे घेऊ काय मी?” विषय संपला. पगारकपात मात्र संपली नाही. पुढे आम्ही ती रक्कम विद्यार्थ्याला देऊ केली, त्याने घेतली नाही. मग नवीन फोनच्या निमित्ताने अर्धी घ्यायला लावली. हा सगळा व्यवहार अवघडल्यासारखा झाला आणि अजूनही तसाच आहे.

दिवाणजी आतल्या खोलीत होते. विद्यार्थ्याने आमच्यासमोर तोच निरोप पुन्हा घातला, या वेळी सगळे वृक्ष दाखवण्याचा पर्याय लावून. चार वृक्ष छापून आले. दिवाणजींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, चारही कागद नीट पाहिले. त्यांना ती फांद्यांची आकृती लगेच समजली, याचे आम्हाला आश्चर्य वाटले. वाटायला नको होते.

“चारीबी चूक हाय की ओ, सर,” ते म्हणाले.

आम्ही म्हटले, चारच अर्थ निघतात, पाचवा निघत नाही.

“ह्या पार्टीला पांढरा नॅपकिन कधी जात न्हाई. त्याचं गिऱ्हाईक सगळं खानावळवालं. पांढऱ्याला हळदीचा डाग बसतोय. त्याला गुलाबी लागतंय, पाच डझन. टावेल पांढरं, दहा डझन.”

“मग त्यांनी तसं लिहिलं का नाही?”

“लिवायचं कशाला?” दिवाणजींना प्रश्नच कळला नाही. “मी हाय की.”

परतताना रिक्षात आम्ही दोघे भांडलो. एकाचे म्हणणे, हा व्याकरणाचा पराभव नव्हे. गिऱ्हाइकांची माहिती वेगळ्या यादीत भरता येईल, नेहमीचा रंग, नेहमीचे प्रमाण, सगळे. योग्यता म्हणजे तरी काय, जगाविषयीची माहितीच ना? दुसरीचे म्हणणे, यादी कोण सांगणार? दिवाणजीच. म्हणजे दिवाळीपर्यंत त्यांच्याकडून सगळे काढून घ्यायचे आणि मग? यावर पहिल्याकडे उत्तर नव्हते. आजची प्रचंड मजकुरावर वाढलेली भाषिक प्रारूपे असला निरोप व्याकरणाशिवायच वाचतील, असे विद्यार्थी म्हणतो. त्यानेच एकाला तो निरोप देऊन पाहिला. त्या प्रारूपाने मोठ्या आत्मविश्वासाने, नम्र मराठीत, पांढरे नॅपकिन दहा डझन असेच सांगितले. लार्कने निदान विचारल्यावर चार कागद तरी पुढे ठेवले होते.

सध्या व्यवस्था अशी आहे, की ज्या निरोपाचा एकच वृक्ष निघतो त्याची चिठ्ठी आपोआप छापली जाते. एकाहून अधिक निघाले तर सगळे दिवाणजींच्या टेबलावर जातात. दिवाणजी आता फक्त सकाळी येतात आणि पगारही त्या मानाने मिळतो. दिवाळी होऊन गेली. ही तडजोड कुणाला सुचली ते विद्यार्थी सांगत नाही. आमचा कयास आहे, त्यालाच. आम्ही व्याकरणाच्या पेपरला या वर्षी एक प्रश्न त्या निरोपावर काढला. चारही अर्थ लिहिणारे तीन निघाले. एका मुलीने, जिचे वडील मागावर आहेत असे नंतर कळले, पहिल्यांदा फोन करून विचारावे असे लिहिले होते. तिला किती गुण द्यावेत यावर आमचे अजून ठरलेले नाही.

गेल्या आठवड्यात त्याच व्यापाऱ्याचा पुन्हा निरोप आला. विद्यार्थ्याने पडद्याचे छायाचित्र आम्हाला पाठवले. निरोप एकाच शब्दाचा होता: ‘नेहमीप्रमाणे’. त्याखाली लार्कचे उत्तर होते, की हा शब्द अनपेक्षित आहे. अपेक्षित होते ते विशेषण किंवा नाम. सकाळची वेळ होती, दिवाणजी जागेवर होते.